थंडीत जुनी कार सुरू होत नसेल तर दोष कसा शोधावा: कार्बोरेटरच्या मारुती ८०० वरून एक मार्गदर्शन

निफाड तालुक्यात डिसेंबर-जानेवारीत कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा पाच-सहा अंशांवर आला की द्राक्षबागायतदार पहाटे बागांमध्ये शेकोट्या पेटवतात, आणि त्याच वेळी अनेक घरांसमोर जुन्या गाड्यांचे सेल्फ कण्हत असतात. माझ्याकडे कार्बोरेटरची मारुती ८०० आहे. एका हिवाळ्यात ती रोज पहाटे अडून बसू लागली, आणि कोणत्याही तपासणीशिवाय मी आधी नवी बॅटरी घेतली, नंतर सेल्फ उघडून दुरुस्त करून घेतला, प्लग बदलले, कार्बोरेटरही साफ करून घेतला. इतके झाल्यावर कळले की खरा दोष इंजिनाच्या अर्थिंगच्या केबलमध्ये होता. त्या खर्चापेक्षा मला अधिक खंत याची वाटते की योग्य क्रमाने तपासले असते तर तो दोष पहिल्याच सकाळी सापडला असता. तो क्रम नव्याने जुनी गाडी घेणाऱ्यांना आयता मिळावा, यासाठी हा लेख लिहिला आहे.

लेखातली उदाहरणे ७९६ सीसीच्या तीन सिलिंडर इंजिनाची आहेत. मारुती ८०० आणि ओम्नी या दोन्ही गाड्यांत हेच इंजिन होते. मात्र कार्बोरेटर असलेल्या कोणत्याही जुन्या पेट्रोल गाडीला हीच पद्धत लागू पडते. एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इलेक्ट्रॉनिक इंजेक्टरने पेट्रोल फवारणाऱ्या) आणि डिझेल गाड्यांसाठी जिथे तपासणी वेगळी आहे, ते शेवटाकडे सांगितले आहे.

थंडीने नेमके काय होते

थंडी सहसा नवा दोष निर्माण करीत नाही. आधीपासून असलेला आणि उन्हाळ्यात कसाबसा निभावून गेलेला दोष ती उघडा पाडते. बॅटरीतली रासायनिक क्रिया थंडीत मंदावते, त्यामुळे ती एरवीइतका करंट देऊ शकत नाही. नेमक्या त्याच वेळी इंजिनातले ऑइल घट्ट झालेले असते, म्हणून इंजिन फिरवायला सेल्फला एरवीपेक्षा जास्त करंट लागतो. पेट्रोलची वाफ कमी होते आणि त्याचे थेंब मॅनिफोल्डच्या थंड भिंतींना चिकटून राहतात, म्हणून सिलिंडरपर्यंत पोहोचणारे हवा-पेट्रोलचे मिश्रण पातळ पडते, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडते.

यात एक साखळी आहे आणि ती सुरुवातीलाच समजून घ्यावी. सेल्फने बॅटरीचा दाब (व्होल्ट) फार खाली ओढला, तर प्लगच्या ठिणगीसाठी दाब वाढवणाऱ्या इग्निशन कॉइललाही तोच अपुरा दाब मिळतो आणि प्लगवरचा करंट, म्हणजे ठिणगी, मंद होते. म्हणजे मूळ दोष बॅटरीत किंवा केबलमध्ये असतो, पण पाहणाऱ्याला प्लग खराब वाटतो. यासाठीच तपासणीची सुरुवात नेहमी बॅटरीपासून करावी आणि ती पूर्ण झाल्याशिवाय कार्बोरेटरला हात लावू नये.

१. तयारी: साधने आणि कागद

फार काही लागत नाही. पुढील वस्तू आदल्या संध्याकाळीच काढून ठेवाव्यात, म्हणजे पहाटे अंधारात शोधाशोध होत नाही.

- साधा डिजिटल मल्टिमीटर
- चांगल्या जाड तारेच्या जम्पर केबल
- १० आणि १२ नंबरचे पाने, प्लगपाना, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर
- तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, कोरडे सुती फडके, विजेरी
- खाण्याचा सोडा, पेट्रोलियम जेली, डिस्टिल्ड वॉटर
- रबरी हातमोजे आणि डोळ्यांसाठी चष्मा
- बॅटरीचे बिल आणि वॉरंटी कार्ड, आणि एक वही

वही आणि वॉरंटी कार्ड यांकडे दुर्लक्ष करू नका. बॅटरी वॉरंटीत असेल तर ती बदलून मिळते, पण त्यासाठी विक्रीची तारीख आणि विक्रेत्याचा शिक्का कार्डावर असावा लागतो; जुनी गाडी विकत घेताना हे कार्ड मागून घ्यायचे बहुतेकांच्या लक्षात राहत नाही. वहीत रोजचे तापमान, सकाळचे व्होल्ट आणि गाडीने काय आवाज केला हे लिहावे. चार-पाच दिवसांच्या नोंदींतून दोषाचा कल स्पष्ट दिसू लागतो.

सुरक्षिततेचे नियम थोडेच आहेत, पण त्यांत सवलत नाही. गाडी न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेक ओढलेली असावी. बोटातली अंगठी आणि हातातले कडे काढून ठेवावे, कारण प्लस टर्मिनल आणि बॉडी यांच्यामध्ये धातू आला तर तो क्षणात लालबुंद होतो. बॅटरीजवळ बिडी, काडी, उघडी ज्योत नको. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवून थांबू नये; कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

२. पहिला सेल्फ मारताना फक्त ऐका

दिवसाचा पहिला सेल्फ हीच सर्वांत मोलाची तपासणी असते, कारण इंजिन पूर्ण थंड असण्याची संधी दिवसातून एकदाच मिळते. म्हणून घाईने पाच-सहा वेळा चावी फिरवून ती वाया घालवू नका. हेडलाइट लावा, चावी फिरवा आणि दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका. पुन्हा प्रयत्न करायचा असेल तर मध्ये किमान अर्धा मिनिट थांबा, कारण सेल्फची मोटर सतत चालण्यासाठी बनवलेली नसते आणि ती फार लवकर तापते. आवाजावरून पुढची दिशा ठरते.

अजिबात आवाज नाही आणि हेडलाइटही मंद किंवा बंद असेल, तर बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल सुटले आहे. हेडलाइट प्रखर राहून एकच ‘टक्’ आवाज आला, तर सोलेनॉइड (सेल्फला करंट जोडणारा विजेचा खटका), सेल्फ किंवा जाड केबलमध्ये दोष आहे. ‘टकटकटक’ असा भराभर आवाज आला, तर बॅटरीत सोलेनॉइड ओढण्याइतकी ताकद आहे, पण इंजिन फिरवण्याइतकी नाही. सेल्फ रडत रडत सावकाश फिरत असेल, तर बॅटरी, अर्थिंग किंवा घट्ट ऑइल यांपैकी एकाचा संशय घ्यावा. या चारही स्थितींत पायरी ३ ते ५ पाहाव्यात.

इंजिन नेहमीच्या वेगाने फिरते पण पकडत नाही, अशी स्थिती असेल तर बॅटरी बहुधा निर्दोष आहे; तिचे व्होल्ट एकदा मोजून थेट पायरी ६ कडे जा. सेल्फची मोटर सुसाट फिरल्याचा आवाज येतो पण इंजिन हलत नाही, तर सेल्फचे दातेरी चाक फ्लायव्हीलमध्ये अडकत नाही. ते काम गॅरेजचे आहे.

३. बॅटरी

बॅटरीचे व्होल्ट पहाटे, गाडीला हात लावण्यापूर्वी मोजावेत. गाडी चालवून आल्यावर लगेच मोजले तर वरवरच्या चार्जमुळे आकडा फसवा, जास्त दिसतो, आणि या फसव्या आकड्यावर विसंबून अनेक जण मरणपंथाला लागलेली बॅटरी निर्दोष ठरवतात. रात्रभर स्थिर राहिलेल्या बॅटरीवर १२.६ किंवा त्याहून जास्त व्होल्ट म्हणजे ती पूर्ण चार्ज आहे, १२.४ म्हणजे साधारण तीन चतुर्थांश, १२.२ म्हणजे निम्मी आणि १२.० म्हणजे जेमतेम पाव.

त्यानंतर मीटरचे टोक बॅटरीवर तसेच धरून दुसऱ्या माणसाला सेल्फ मारायला सांगा. सेल्फ फिरत असताना दाब ९.६ व्होल्टच्या खाली जाऊ नये. आधी १२.६ दाखवणारी बॅटरी सेल्फ मारताच ७-८ व्होल्टवर कोसळत असेल, तर तिची क्षमता संपली आहे किंवा तिच्यातला एखादा सेल गेला आहे. आधीच १२.१ असेल, तर मात्र बॅटरी बदलण्याची घाई करू नका. ती आधी चार्जरवर पूर्ण चार्ज करून हीच परीक्षा पुन्हा घ्या. उतरलेली बॅटरी आणि निकामी बॅटरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुकानात त्यांतला फरक तुम्हाला नेहमी सांगितला जाईलच असे नाही.

झाकणे उघडणारी बॅटरी असेल तर प्रत्येक कप्प्यातली पातळी पाहा. पातळी कमी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला, तेही खुणेपर्यंतच. नळाचे किंवा बोअरचे पाणी प्लेटा खराब करते.

बॅटरी चार्ज केल्यावर चांगली चालते, पण दोन-तीन दिवसांत पुन्हा उतरते, असे होत असेल तर दोनच शक्यता उरतात. एक, डायनामो तिला पुरेसे चार्ज करीत नाही: इंजिन चालू करून थोडी रेस दिल्यावर बॅटरीवर १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले पाहिजेत, आणि दिसत नसतील तर फॅनबेल्ट सैल आहे का ते प्रथम पाहावे. दोन, गाडी उभी असताना कुठेतरी करंट गळतो आहे. जुन्या गाड्यांत मागाहून बसवलेले म्युझिक सिस्टीम, सेंट्रल लॉक आणि अलार्म हे याचे नेहमीचे कारण असते. याची सोपी परीक्षा म्हणजे रात्री मायनस टर्मिनल काढून ठेवावे आणि सकाळी जोडावे. असे केल्यावर गाडी निमूट सुरू होत असेल, तर गळती आहे, हे नक्की समजा, आणि वायरमनला तेवढेच शोधायला सांगा.

४. टर्मिनल, केबल आणि अर्थिंग

या पायरीला मी मुद्दाम जास्त जागा देतो आहे, कारण माझा सगळा खर्च हीच पायरी गाळल्यामुळे झाला. सेल्फला लागणारा करंट शंभर अँपिअरच्याही वर जातो. एवढ्या करंटच्या वाटेत थोडासा गंज आला तरी तिथेच दोन-तीन व्होल्ट खर्ची पडतात आणि सेल्फपर्यंत उरलेलाच दाब पोहोचतो. दिवे, हॉर्न आणि रेडिओ यांना अगदी थोडा करंट लागतो, म्हणून ते उत्तम चालतात आणि आपण केबल निर्दोष आहे असे धरून चालतो.

प्रथम टर्मिनल साफ करा. मायनस आधी काढायचे आणि जोडताना ते शेवटी जोडायचे. हा क्रम उलटा केला तर पाना बॉडीला टेकून शॉर्ट होण्याचा धोका असतो. पांढरा-हिरवा थर असेल तर कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून तो धुवा, पण ते पाणी बॅटरीच्या कप्प्यांत जाऊ देऊ नका. मग बॅटरीची खुंटी आणि टर्मिनलची आतली बाजू पॉलिश पेपरने धातू चमकेपर्यंत घासा, घट्ट आवळा आणि वरून पेट्रोलियम जेली लावा. टर्मिनल हाताने जरासेही फिरत असेल, तर ते सैल आहे.

आता अर्थिंग. बॅटरीच्या मायनस खुंटीपासून एक केबल बॉडीला आणि इंजिन-गिअरबॉक्सच्या धातूला जाते. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेले असल्यामुळे बॉडीपासून ते विजेच्या दृष्टीने तुटलेले असते, म्हणून सेल्फचा सगळा करंट याच केबलमधून परत येतो. पंचवीस-तीस वर्षांत या केबलचे टोक तेल, चिखल आणि ओल यांनी आतून सडते. वरचे आवरण मात्र शाबूत दिसते.

मल्टिमीटरने ही तपासणी अशी करावी. कॉइलला येणारी बारीक वायर काढून ठेवा, म्हणजे इंजिन सुरू होणार नाही. मीटर डीसी व्होल्टवर ठेवून त्याचे लाल टोक इंजिनाच्या स्वच्छ उघड्या धातूवर आणि काळे टोक बॅटरीच्या मायनस खुंटीवर टेकवा. टर्मिनलवर न टेकवता शिशाच्या खुंटीवरच टेकवा, म्हणजे त्या दोघांमधला जोडही तपासला जाईल. सेल्फ मारायला सांगा. आकडा ०.२ ते ०.३ व्होल्टपर्यंत असेल तर अर्थिंग ठीक आहे. अर्धा व्होल्ट किंवा त्याहून जास्त आला तर दोष सापडला. प्लसच्या बाजूनेही हेच करा: एक टोक बॅटरीच्या प्लस खुंटीवर, दुसरे सेल्फच्या जाड केबलच्या बोल्टवर, इथे अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक नसावा.

मीटर नसेल तर त्याहून सोपी युक्ती आहे, आणि माझा दोष याच युक्तीने पकडला गेला. जम्पर केबलचे एक टोक बॅटरीच्या मायनसला आणि दुसरे गिअरबॉक्सच्या एखाद्या स्वच्छ बोल्टला लावा आणि सेल्फ मारा. त्या पहाटे शेजारच्या वृद्ध वायरमनकाकांनी एवढेच केले आणि तीन आठवडे रडणारा सेल्फ एकदम उन्हाळ्यासारखा फिरला. ‘बॅटरी नवी घेतलीत, पण तिची वाटच बंद होती,’ असे ते म्हणाले. नव्या बॅटरीनंतर गाडी दोन आठवडे बरी का चालली, याचा उलगडाही तेव्हा झाला: ताज्या बॅटरीच्या जोरावर तो सडलेला जोड काही काळ निभावून गेला आणि मला खोटा दिलासा मिळाला. केबल बदलल्यावर त्या हिवाळ्यात पुन्हा तक्रार आली नाही.

५. सेल्फ

बॅटरी आणि केबल दोन्ही निर्दोष असूनही ‘टक्’ होऊन थांबत असेल किंवा इंजिन सावकाश फिरत असेल, तरच सेल्फकडे वळावे. कार्बन ब्रश झिजणे, बुश झिजून आर्मेचर घासणे आणि सोलेनॉइडचे संपर्क जळणे हे नेहमीचे दोष आहेत. सेल्फ काढण्यापूर्वी क्लच पूर्ण दाबून एकदा प्रयत्न करा. क्लच दाबला की गिअरबॉक्समधले घट्ट ऑइल ढवळण्याचे ओझे सेल्फवरून उतरते, आणि थंडीत तेवढ्यानेही फरक पडतो. ही सवय हिवाळाभर ठेवावी.

जम्पर केबलने दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवर सुरू करायची वेळ आली तर क्रम पाळा: उतरलेल्या बॅटरीचे प्लस, चांगल्या बॅटरीचे प्लस, चांगल्या बॅटरीचे मायनस आणि शेवटचे टोक बंद गाडीच्या इंजिनाच्या धातूवर, बॅटरीपासून दूर. शेवटच्या जोडाला ठिणगी पडते आणि बॅटरीतून हायड्रोजन बाहेर पडत असतो, म्हणून हे अंतर ठेवायचे. काढताना उलट क्रमाने काढा.

धक्का स्टार्टबद्दलही सांगायला हवे. दुसऱ्या गिअरमध्ये धक्का देऊन गाडी सुरू झाली, तर इग्निशन आणि पेट्रोल ठीक असून दोष बॅटरी-सेल्फच्या बाजूला आहे, हेही त्यातून कळते. मात्र मुंबईसह चार महानगरांत १९९५ पासून विकल्या गेलेल्या नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या वाटेत धूर शुद्ध करणारा भाग) आहे. अशी गाडी वारंवार धक्का देऊन सुरू केली, तर न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो खराब होतो.

६. चोक, आणि गाडी ओव्हरफ्लो होणे

इंजिन जोमाने फिरते पण पकडत नाही, तेव्हा पहिला प्रश्न चोकचा. नव्याने जुनी गाडी घेतलेल्या अनेकांनी चोक कधी वापरलेलाच नसतो. डॅशबोर्डवरची ती मूठ ओढली की कार्बोरेटरच्या तोंडावरची झडप बंद होते, हवा कमी जाते आणि मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण वाढते. थंड इंजिनाला चोक पूर्ण ओढा, अ‍ॅक्सिलरेटरला पाय न लावता सेल्फ मारा, आणि इंजिन पकडल्यावर ते तापेल तसतसा चोक टप्प्याटप्प्याने आत ढकला. चोक ओढून तसाच गाडी चालवत राहणे ही दुसऱ्या टोकाची चूक आहे. त्याने प्लग काळे पडतात आणि पेट्रोल ऑइलमध्ये उतरते.

मूठ ओढली म्हणजे चोक बसला, असे मात्र मानू नका. एअर फिल्टरचे झाकण काढून, दुसऱ्या माणसाला मूठ ओढायला सांगून झडप खरोखर पूर्ण बंद होते का ते डोळ्यांनी पाहा. केबल ताणली जाऊन किंवा अडकून झडप अर्धीच बंद होणे हा अगदी नेहमीचा दोष आहे. नाशिककडे किंवा पुण्यात वर्षातले दहा महिने चोकची गरज पडत नाही, त्यामुळे तो बिघडल्याचे कळते तेच थंडीत.

पेट्रोलचा उग्र वास येत असेल तर गाडी ओव्हरफ्लो झाली आहे. बहुधा मालकाने सेल्फ मारताना अ‍ॅक्सिलरेटर पुन्हा पुन्हा दाबलेला असतो. अशा वेळी चोक पूर्ण आत ढकला, दहा मिनिटे थांबा, मग अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून तसाच धरा आणि पाच-सहा सेकंद सेल्फ मारा. भरपूर हवा आत जाऊन जास्तीचे पेट्रोल बाहेर पडते.

कार्बोरेटरच्या तोंडात बाटलीने पेट्रोल ओतून सेल्फ मारण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास दिसते. कृपया ती वापरू नका. इंजिनाने उलटा भडका मारला तर तोंडाशी वाकलेल्या माणसाचा चेहरा भाजतो.

७. प्लग काय सांगतात

दोन-तीन प्रयत्नांनंतरही गाडी पकडत नसेल तर एक प्लग काढा. तो पेट्रोलने ओला असेल, तर पेट्रोल पोहोचते आहे पण ते पेटत नाही, म्हणजे करंटचा दोष किंवा ओव्हरफ्लो. तो कोरडा असेल, तर पेट्रोलच पोहोचत नाही. थेट पायरी ८ पाहा. या एका निरीक्षणाने निम्मे काम होते.

ओला प्लग फडक्याने पुसून काही अंतरावर नेऊन वाळवा. करंट पाहण्यासाठी शक्यतो दुसरा कोरडा प्लग वापरा: त्याला हाय टेन्शन वायर (प्लगला ठिणगीचा करंट आणणारी जाड वायर) लावा, त्याचा धातूचा भाग इंजिनाला नीट टेकवा आणि प्लगच्या उघड्या भोकापासून तो दूर ठेवा, कारण त्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येत असते. वायर हातात न धरता कोरड्या, रबरी मुठीच्या पकडीने धरा. सेल्फ मारल्यावर निळसर, कडक ठिणगी दिसली पाहिजे. पिवळी, बारीक किंवा थांबून थांबून येणारी ठिणगी थंड इंजिनाला पुरत नाही. प्लगचा गॅप या इंजिनाला ०.७ ते ०.८ मिलिमीटर असावा. झिजून तो १ मिलिमीटरच्या वर गेला तर ठिणगी पडायला जास्त दाब लागतो आणि अशक्त बॅटरीकडून तो मिळत नाही.

ठिणगी नसेल किंवा मंद असेल तर प्रथम ओल शोधा. गोदाकाठच्या गावांत, कालव्याजवळ आणि घाटमाथ्यावर पहाटे दव आणि धुके असते, आणि ते डिस्ट्रिब्युटरच्या (तिन्ही प्लगना आळीपाळीने करंट वाटणाऱ्या भागाच्या) झाकणात आत जाऊन बसते. झाकण काढून आतून-बाहेरून कोरड्या फडक्याने पुसा, रोटर पुसा, कॉइलचे तोंड आणि सगळ्या वायरी पुसा. झाकणाच्या आत पेन्सिलीच्या रेघेसारखी काळी नागमोडी रेघ दिसली, तर तिथून करंट गळतो आहे आणि पुसून ते बरे होणार नाही, झाकण बदला. हाय टेन्शन वायरींचा दोष अंधारात आपोआप दिसतो: बॉनेट उघडे ठेवून सेल्फ मारला की तडे गेलेल्या जागी निळ्या ठिणग्या नाचतात. पहाटेचा अंधार इथे उपयोगी पडतो.

गाडीत पॉइंटचा (करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या संपर्कांचा) डिस्ट्रिब्युटर असेल तर पॉइंट जळले आहेत का ते पाहून ते घासावेत आणि त्यांचा गॅप मेकॅनिककडून लावून घ्यावा. पॉइंट वारंवार जळत असतील तर कंडेन्सर बदला.

८. पेट्रोल

प्लग कोरडा निघाला तर एअर फिल्टरचे झाकण काढा आणि इंजिन बंद असताना दुसऱ्याला अ‍ॅक्सिलरेटर एकदा दाबायला सांगून कार्बोरेटरच्या तोंडात विजेरीने पाहा. पेट्रोलची बारीक धार उडताना दिसली, तर कार्बोरेटरच्या वाटीत पेट्रोल आहे. धार दिसत नसेल तर वाटी बहुधा रिकामी आहे. आठवडाभर उभ्या राहिलेल्या गाडीत वाटीतले पेट्रोल उडून जाते, आणि इंजिनावर चालणारा पंप, ज्याला गॅरेजमध्ये एसी पंप म्हणतात, काही फेऱ्या झाल्याशिवाय ती भरत नाही. आठ-आठ सेकंदांचे तीन-चार सेल्फ मध्ये विश्रांती देऊन मारले की पुरेसे होते. रोज चालणारी गाडीही असेच करीत असेल, तर पंपाचे डायाफ्रॅम, पेट्रोल फिल्टर आणि रबरी नळ्या तपासून घ्याव्यात.

अलीकडे यात एक गोष्ट वाढली आहे. २०२५ पासून देशभरातल्या बहुतेक पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेले ई२० पेट्रोल मिळते. इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलपेक्षा बरीच जास्त उष्णता लागते, म्हणून थंड इंजिन पेटायला ते अधिक कष्ट देते. शिवाय ते हवेतली ओल शोषते, आणि पाण्याचे प्रमाण वाढले की पाणी-इथेनॉलचा थर वेगळा होऊन टाकीच्या तळाशी बसतो. ऐंशी-नव्वदच्या दशकांतल्या गाड्यांचे रबरी भाग अशा इंधनासाठी बनवलेले नव्हते. माझा अनुभव आणि सल्ला असा की हिवाळ्यात टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नये, गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवू नये, आणि नळ्या बदलताना इथेनॉल सहन करणाऱ्या नळ्या मागून घ्याव्यात.

९. ऑइल आणि कॉम्प्रेशन

इथवरचे सर्व निर्दोष निघाले तर इंजिनातच झीज आहे का ते पाहावे लागते. त्याआधी ऑइल कोणत्या ग्रेडचे आहे ते विचारा. जुने इंजिन धूर सोडते म्हणून त्यात फार घट्ट ऑइल भरण्याची प्रथा आहे. ‘डब्ल्यू’च्या आधीचा आकडा जितका मोठा, तितके ते ऑइल थंडीत जास्त घट्ट. कॉम्प्रेशन मात्र गेजने गॅरेजमध्येच तपासून घ्या. तिन्ही सिलिंडरचे आकडे लिहून मागा, आणि एखादा कमी असेल तर त्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजायला सांगा: आकडा वाढला तर पिस्टनच्या रिंगांत दोष, वाढला नाही तर व्हॉल्व्हमध्ये.

१०. एमपीएफआय आणि डिझेल गाड्यांसाठी

२००० च्या सुमारास मारुती ८०० ला एमपीएफआय आले. अशा गाडीला चोक नसतो; थंडीत किती पेट्रोल द्यायचे हे कूलंटच्या तापमानाचा सेन्सर सांगतो, आणि तो चुकीचे सांगू लागला की गाडी फक्त थंडीत अडते. चावी फिरवल्यावर मागच्या बाजूला टाकीतल्या पंपाचा दोन-एक सेकंद गुणगुणण्याचा आवाज येतो का ते ऐका. बॅटरी आणि अर्थिंगच्या पायऱ्या मात्र इथेही त्याच आहेत.

जुन्या डिझेल गाड्यांत बहुधा हीटर प्लग दोषी असतात. चावी फिरवून हीटरचा दिवा विझेपर्यंत थांबा, मगच सेल्फ मारा. सेल्फ मारताना सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो पण इंजिन पेटत नाही, तर डिझेल पोहोचते आहे आणि उष्णता कमी पडते आहे, असे समजावे. डिझेल गोठण्याची भीती आपल्याकडे बाळगू नये. ती अडचण लडाखसारख्या प्रदेशातली आहे, जिथे इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे खास डिझेल आणले.

११. गॅरेजमध्ये गाडी देताना

दोष तुमच्या आवाक्याबाहेरचा निघाला, तर गॅरेजला ‘थंडीत सुरू होत नाही’ एवढेच सांगू नका. वहीतल्या नोंदी वाचून दाखवा: पहाटे किती व्होल्ट होते, सेल्फ मारताना ते किती झाले, आवाज कसा होता, प्लग ओला निघाला की कोरडा. बदललेला प्रत्येक जुना भाग परत मागून घ्या. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे गाडी सकाळी अकराला चालवत नेऊन देऊ नका, कारण तोपर्यंत इंजिन गरम झालेले असते आणि मेकॅनिकसमोर ती पहिल्या सेल्फला सुरू होते. ती आदल्या संध्याकाळी नेऊन रात्रभर उघड्यावर उभी करा, आणि मेकॅनिकला विनंती करा की दुसऱ्या दिवशी गॅरेज उघडल्यावर इतर कोणत्याही कामाआधी तुमच्यासमोर पहिला सेल्फ त्यांनी स्वतः मारावा.